पारड्याखालची लाख

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. छत्तीस वर्षं अकोल्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आणि पोरी मागून मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं. त्यात फार खोटंही नव्हतं. तोंडातून शब्द सुटला की मी तो कधी मागं घेतला नाही. असाच एक शब्द मी माझ्या बापाला बोलले होते. तो मागं घ्यावा असं मनापासून वाटलं, तेव्हा बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती.

निमित्त झालं एका तराजूचं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अमरावतीचं आमचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. आम्ही भाजीवाले. बडनेऱ्याच्या रस्त्याला आमचा मळा होता, त्याचे आता प्लॉट पडलेत. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबाचा तराजू सापडला माळ्यावर. तुह्या अकोल्यात तो जुन्या वस्तूवाला हाये ना, त्याले इचारून पाय. भंगारात द्याले मन होऊन नाई राह्यलं."

"इचारते," मी म्हटलं. मनात म्हटलं, जाऊ दे एकदाचा घराबाहेर. त्या तराजूचं मला प्रेम नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्याची लाज होती, आणि ती लाज मी पन्नास वर्षं जपून ठेवली होती.

हा जुन्या वस्तूवाला अकोल्यात जुन्या शहरात बसतो. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला मॅडम म्हणतो. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. समया, पानदानं, कंदील, किल्ल्या हरवलेली कुलपं, सगळं एकावर एक. मी त्याला सरळच विचारलं, जुनी वस्तू आणि अँटिक यात फरक काय, वय किती लागतं?

"वयाचं काय घेऊन बसल्या मॅडम," तो म्हणाला. "वय तर माह्या गोदामावरच्या पत्र्यालेही हाये. हे दोन अडकित्ते पाहा."

दोन्ही काळपट, दोन्ही सारखेच जुने दिसत होते. त्यातला एक तीन महिन्यांपूर्वी तयार झालेला होता म्हणे. ॲसिडात बुडवतात, मिठाच्या मातीत पुरून ठेवतात, की झाला आजोबांच्या काळातला. मी दोन्ही हातात घेऊन पाहिले, पण मला काही कळलं नाही.

"डोळ्यानं नाई, बोटानं पाहा," तो म्हणाला. "खऱ्याची मूठ एकाच बाजूनं झिजली. ज्या बाईचा होता तिचा अंगठा इथं बसे. नकली माल सगळीकडून सारखा जुना असते. माणूस सारखा थोडीच वापरते? वापर दिसला पाहिजे, दुरुस्ती दिसली पाहिजे, कोणाचा होता ते समजलं पाहिजे. मंग ते अँटिक. नाईतर भंगार." आणि मी निघाले तेव्हा दारापर्यंत येऊन बजावलं, "आणा तराजू, पण धुऊ नका. चिंच लागली का माल मेला समजा."

आता हे आमच्या लोकांना कोण सांगणार? आमच्याकडे भांडं दुसऱ्याच्या दारी जायचं तर घासून लख्ख करून जातं, आणि रिकामं तर मुळीच जात नाही. मी अमरावतीला घरी पोचले तर भावजय अंगणात पाटावर बसलेली, शेजारी वाटीत भिजवलेली चिंच, राख, काथ्या. वजनं तिनं घासून चकचकीत केली होती आणि पारड्याला हात घालायच्या बेतात होती.

"अवं थांब, थांब," मी तिच्या हातातून पारडं ओढूनच घेतलं.

"परक्याच्या घरी जाऊन राह्यला ताई. असा काळा देतात का? तो म्हणन, याईच्या घरात चिंच सुदा नाई."

मी तिला दुकानदाराचं म्हणणं सांगितलं. ती खो खो हसली. "म्हणजे मळालेच किंमत हाये म्हणता. मंग तर आमचं सारं घरच न्या."

माय बाजेवर बसून मेथी निवडत होती. माझी माय आता पंचाऐंशीच्या घरात आहे. ऐकू बरोबर येतं, दिसतं कमी. तिनं विचारलं, "कोणाले देऊन राह्यली?"

"अकोल्याच्या माणसाले. लोक शोकेसमंदी ठेवतात, हॉटेलात टांगतात."

"तुनं पायला का नीट?"

"त्यात काय पाहाचं हाये?" माझा आवाज चढला. मायनं पुन्हा मेथीत हात घातला. निघताना मात्र तिनं भावजयीला हाक मारून मूठभर गहू फडक्यात बांधून पारड्यात ठेवायला लावले. विकायची वस्तू असली म्हणून काय झालं, रिकामी कशी धाडायची, असं तिचं म्हणणं.

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. लोखंडी दांडी, दोन पितळी पारडी, साखळ्या. मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते, पण डोळ्यांपुढं अमरावतीचा इतवारा बाजार होता.

तिथं बाबाची बसायची जागा ठरलेली होती. लहानपणी मला तिथं बसायचं भारी वेड. शाळा सुटली की दप्तरासकट तिकडं. पावशेराचं वजन हातात घेऊन खेळायची, गिऱ्हाइकाला सुटे द्यायची, कोथिंबिरीवर पाणी मारायची. बाबा कमी बोलणारा माणूस. दिवसभरात त्याच्या तोंडून भाव सोडून दुसरं काही निघालं तर नवल. पण मी गेले की गोणपाट झटकून मला जागा करून द्यायचा.

मी सातवीत होते तेव्हा आमच्याच शाळेतल्या एक बाई अर्धा किलो वांगी घेऊन गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. समोरच्या किराणा दुकानात त्यांनी ती पुन्हा तोलून पाहिली होती. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वांगी कमी भरली. मापात पाप करू नये हो." बाबा काही बोलला नाही. मान खाली घालून त्यानं दोन वांगी त्यांच्या पिशवीत टाकली. जाताना बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला अजून दिसतं.

खरा माणूस बोलला असता. भांडला असता, चला पुन्हा तोलून दाखवतो म्हणाला असता. माझा बाप बोलला नाही, म्हणजे त्यानं तोलताना दांडी मारली होती. एवढं गणित मला सातवीतही येत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानावर गेले नाही, आणि कावून येत नाहीस असं बाबानं एकदाही विचारलं नाही.

पुढं दहा वर्षांनी मला अकोल्याची नोकरी लागली. बाबा स्टँडवर सोडायला आला, सोबत एक भलंमोठं गाठोडं. भेंडी, गवार, वांगी, कैऱ्या. ओझं होतं म्हणून मी नको म्हणत होते आणि तो ठेवतच होता. "घे ना माय. परक्या गावात भाजी इकत घेशीन का?" मी चिडले, आणि चारचौघांत बोलले, "लोकाईले कमी तोलून शिकवलं तुमी मले. आता ही भाजी तरी कायले?"

तो गाठोड्याला गाठ मारत होता. ती त्यानं पुरी मारली. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला एक काळा, निबर डाग पडलेला होता. मला वाटलं, बिडीचा असेल. त्या दिवशी मला तोही घाण वाटला. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता आणि आम्ही दोघंही भलतीकडं पाहत होतो.

त्यानंतर येणं-जाणं राहिलं, दिवाळी राहिली, माझ्या लग्नात तो राबला, माझ्या लेकरांना त्यानं खांद्यावर फिरवलं. पण त्या वाक्याला आम्ही दोघांनी पुन्हा हात लावला नाही. तो गेला तेव्हा मी रडले, पण मनाचा एक कोपरा कोरडा राहिला होता. हे लिहायला जिवावर येतं, पण तसंच होतं.

अकोल्याला उतरले ती थेट दुकानात गेले. दुकानदारानं फडक्यातले गहू पाहिले, हसला, बाजूला ठेवले. तराजू हुकाला अडकवला. रिकामी पारडी हलली, हलली आणि थांबली. एक पारडं बोटभर खालीच राहिलं.

"मॅडम," तो जरा संकोचून म्हणाला, "काटा खोटा हाये हा."

माझे कान तापले. इतकी वर्षं मनाच्या एका फटीत मी धरून ठेवलं होतं की बाईंची काही चूक झाली असेल, त्या किराणा दुकानाचाच काटा बिघडला असेल. तेही गेलं. "माहीत आहे मला," मी म्हणाले. "ठेवायचा तर ठेवा, नाहीतर टाका भंगारात."

तो ऐकत नव्हता. त्यानं खालचं पारडं काढून उलटं केलं. मधोमध लाखेचा थर होता, काळा-तांबडा, आणि त्यात जुन्या रुपयाएवढा शिशाचा जाड तुकडा बसवलेला. लाख म्हणजे पार्सलावर शिक्का मारायची तीच. ही बाजारातली जुनी लबाडी आहे, त्यानं मला समजावून सांगितलं. मालाच्या पारड्याखाली शिसं चिकटवायचं, की माल कमी टाकला तरी काटा बरोबर दिसतो. मी मान हलवली. मला समजावून घ्यायचंच नव्हतं.

मग तो पारडं घेऊन दारातल्या उजेडात गेला. आतून बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. "मॅडम, जरा इकडं या."

पारड्याच्या आत गोल खुणा होत्या, एकात एक. किलोची मोठी, अर्ध्या किलोची, पावाची लहान. तिथं पितळ दबलं होतं आणि लोखंडाचा गंज त्यात मुरला होता. त्यानं दुसरं पारडं पुढं केलं. त्यात तसली एकही खूण नव्हती. ते आतून भाजीच्या मातीनं घासून घासून गुळगुळीत झालेलं, काठाला हिरवट डाग.

"मालाचं पारडं ते," तो म्हणाला. "अन् शिसं हाये वजनाच्या पारड्याखाली."

मी जन्मभर गणित शिकवलेली बाई, पण मला ते लगेच उमगलं नाही. शिसं वजनाच्या बाजूला, म्हणजे वजन जड. म्हणजे काटा बरोबर यायला समोर माल जास्त टाकावा लागणार. दर तोलाला, दर गिऱ्हाइकाला.

"चाळीस वर्षं झाली या धंद्यात मले," दुकानदार म्हणाला. "अशी उलटी लबाडी नाई पाहिली."

त्यानं नखानं लाखेची कड खरवडली. आत पदर दिसले, कांद्यासारखे. काळा, तांबडा, पुन्हा काळा. एकदा चिकटवलेली लाख अशी दिसत नाही म्हणे. निघाली, बसवली, निघाली, बसवली. पदर मोजायला गेलो तर मोजता येईनात. मग त्यानं मालाचं पारडं उलटं केलं. त्याच्या तळाशीही एक वर्तुळ होतं, बरोबर त्याच मापाचं. लाख नव्हती, नुसता खरवडून काढल्याचा डाग होता.

"पहिले इथं होतं," तो हळू म्हणाला. "थोडेच दिवस. मंग तिकडं नेलं."

या माणसाला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. बाई माहीत नव्हत्या, स्टँड माहीत नव्हतं. वापराच्या खुणा पाहून तो बोलत होता, आणि भावजयीच्या चिंचेतून त्या अर्ध्या तासानं वाचल्या होत्या. मी स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं. तराजू विकायचा नाही, मी म्हणाले. त्यानं आग्रह केला नाही. पारडी कागदात गुंडाळून दिली आणि मायचे गहू पुन्हा त्यात ठेवले. "रिकामा कसा देऊ," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी परत अमरावतीला गेले. माय बाजेवरच होती. मी पारडं तिच्या मांडीवर उलटं ठेवलं, तिचा हात धरून लाखेवर नेला आणि म्हटलं, "माय, पायलं."

"हाव," ती म्हणाली. जरा वेळ बोटं फिरवत राहिली. "एक उन्हाळाभर होतं ते मालाच्या पारड्याखाली. कावून लावलं ते त्यानं सांगितलं नाई, मी इचारलं नाई. ती मास्तरीण येऊन गेली त्या सांजंले चुलीपाशी बसला, सुरी तापवली, काढलं. मले वाटलं फेकते. तर दुसऱ्या अंगाले चिकटवलं."

"मंग किती दिवस?"

"दिवस कायचे? हात चाले तवरोक. उन्हाच्या दिवसांत लाख पातळ होये, चार चार खेपा सुटे. वजनमापवाले शिक्का माराले आले का काढून ठेवे, गेले का पुन्हा लावे. अंगठा पार जळून गेला होता त्याचा."

मी म्हटलं, "तो बिडीचा डाग नव्हता?"

"बिडी?" माय माझ्याकडं वळली. "त्यानं कधी ओढली व बिडी?"

सख्ख्या बापाला बिडीचं व्यसन होतं की नव्हतं हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याच्याजवळ तेवढी बसलेच नव्हते.

"मले सांगाचं नाई का?" मी मायवरच ओरडले. राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. "स्टँडवर मी काय बोलले त्याले, माहीत हाये का तुले?"

"माहीत हाये. घरी येऊन सांगितलं त्यानं. मी म्हटलं, चिठ्ठी लिवा पोरीले, खरं काय ते कळू द्या. तर म्हणे, नको. ती खोटं नाई बोलली. एक उन्हाळा तर तोललंच ना कमी." मायनं पदरानं बोटं पुसली. "अन् म्हणे, सांगितलं तर मंग ते फुकट गेलं."

मी रडले. भावजय आतून आली, पाहून आल्या पावली परत गेली. बरंच रडून झाल्यावर मी म्हटलं, "चुकलं व माय माहं."

"मले कायले सांगतं?" माय म्हणाली. ती रागावून नाही बोलली. खरंच, तिला सांगून काय उपयोग होता?

दुकानदारानं खरवडल्यामुळं लाखेची एक बाजू सैल झाली होती. मायच्या हातात शिसं सुटून आलं. तिनं ते माझ्यापुढं धरलं. "आता लाव."

मी गॅस पेटवला. सुरी तापवून लाखेला लावली, ती मऊ झाली, तसा शिशाचा तुकडा पारड्याच्या तळाला ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. "थंड होईपर्यंत सोडू नको," माय बाजेवरून म्हणाली. गरम लाख कातडीला चिकटते, सोडत नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी दाबून धरलं. मग तराजू दाराच्या कडीला अडकवला, भावजयीनं घासलेलं अर्ध्या किलोचं वजन टाकलं आणि घरात वांगी होती ती समोर ठेवत गेले. काटा बरोबर आला, तेव्हा वांगी काढून भावजयीच्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवली. दोन वांगी जास्त होती.

तराजू आता अकोल्याला माझ्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे. मी त्याला चिंच लावू देत नाही. अंगठ्याला फोड आला होता. आठ-दहा दिवस खडूसुद्धा धरता आला नसता, बरं झालं मी रिटायर झाले. मग खपली पडली, नवी कातडी आली, डाग काही राहिला नाही. बरा झाला तेव्हा मला वाईट वाटलं. आता पुन्हा ऊन तापायला लागलंय, आणि अकोल्याचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. काल पारड्याखाली हात घालून पाहिला. लाख एका कडेनं सुटत चालली आहे.